दंड ठणकतो, ही खुशाली

तीर्थरूप अक्कास धाकट्या अच्युताचा अर्धा नमस्कार. उरलेला शेवटी घालतो, कारणही तिथेच कळेल.

आमच्या गल्लीत उंदीर मरून पडले, शाळा बंद झाली आणि आम्ही सगळे गावाबाहेर माळावर झोपड्यांत राहायला आलो. हवा उत्तम. माझी भाकरी गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघतो?

सगळ्यांनी प्लेगची लस टोचून घेतली. आमच्या शाळेतले तरणेबांड ड्रिलमास्तर तापाने कण्हत पडले आणि मला पन्नाशीत तापाची साधी कसरसुद्धा नाही. "गायत्रीचं तेज!" मी म्हणालो.

डॉक्टर हसले. "शास्त्रीबुवा, तेज कसलं? पिकल्या रक्ताला लस उशिरा कळते, कधी कळतच नाही. पुन्हा टोचू."

तेव्हापासून रोज सकाळी काखेत गाठ चाचपतो, हे खरे तर लिहिणार नव्हतो.

तुझा खोकला कसा आहे? तू साठीपुढची. मला रांधून घालायला इकडे येऊ नकोस. मंगळवेढ्यात टोचणारे आले की सोवळ्याचे निमित्त न काढता हात पुढे कर. ताप आला तर मला शिव्या दे; नाही आला तर पुन्हा टोचून घे.

काल मला दुसऱ्यांदा टोचले. आज दंड सुजून ठणकतो आहे, 'दंड' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम कळले. डॉक्टर याला हमी म्हणत नाहीत. मी मात्र दुपारी पोटभर जेवलो.

तेव्हा साष्टांगातले एक अंग वजा करून उरलेला नमस्कार.

तुझा
अच्युत