वर्षावास संपला की निघायचं

११ जुलै

बोट खरंच कितीला पडली ते आज मांडून पाहिलं. घेताना नऊ लाख. नवी शिडं, दीड. पावसाळ्यात गोव्याच्या नदीकाठी टेकू लावून उभी करायचं भाडं, सहा वर्षांचं. रंग. रेल्वेची तिकिटं. सगळं धरून सतरा लाखांवर. सहा वर्षांत पाण्यावर काढले एकतीस दिवस. भाग दिला तर दिवसाला पंचावन्न हजार! हसू आलं — एवढ्यात मुंबईत हॉटेलाचा राजवाडा मिळतो.

मग पेन थांबलं. अल्काची नोकरी धरलीच नव्हती. जिल्हा परिषदेची शाळा, नऊ वर्षं सर्व्हिस बाकी होती. 'या ऑक्टोबरात दोघं बोटीनं निघू, तू सोडून दे' — बायकोला मीच म्हणालो होतो. तिनं सोडली. त्यानंतर दोन ऑक्टोबर गेले.

ते कोणत्या रकान्यात लिहायचं कळेना. वही मिटली.

१३ जुलै

गुरुवारच्या पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या विहारात भन्तेजी आले आहेत, तीन महिने एका जागी राहणार. अल्का रोज संध्याकाळी वाचनाला जाते. जेवताना म्हणाली, "आश्विन पौर्णिमा झाली का भन्तेजी निघतात. आपनही तवाच निघू."

"बघू. मिलच्या धानाचं पाहून ठरवू."

"भन्तेजी काय पाहून निघतात?"

मी हसलो. ती हसली नाही.

२९ जुलै

टपरीवर उदाराम सिमेंटवाला मोठ्यानं — "काऊन कप्तान, बोट सुटली का अजून तटूनच हाये?" चारचौघं हसले. मग मीही रंगात आलो. ताडाएवढ्या लाटा, सुकाणू दोन्ही हातांनी कसं आवळून धरलं, पाणी तोंडावर — सगळं सांगितलं. चहा गार होईपर्यंत लोक ऐकत होते.

"अन् वैनी?"

"ती खाली डोळे मिटून! बाईच्यानं होते का ते? काळीज लागते, भाऊ."

घरी जेवण गेलं नाही. अल्का वाढत होती आणि मी ताटाकडे पाहत होतो.

५ ऑगस्ट

झोप नाही म्हणून लिहितो. चौऱ्याण्णव साली याच रस्त्यावरच्या मिलमध्ये मी पोती उचलायचो. एकदा तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून काकीनाड्याला गेलो, तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. बंदरात एक शिडाची बोट. वर एक म्हातारा गोरा दोरीवर चड्ड्या वाळत घालत होता आणि त्याची बायको कांदा चिरत होती. घरच पाण्यावर! मालक नाही, भोंगा नाही. उद्या इथं नकोसं झालं तर दोर सोडायचा.

तेव्हा ठरवलं — स्वतःची मिल, मग बोट. दोन्ही केलं. हमालाचा मालक झालो. आता दोर सोडायचा तेवढा राहिला आहे आणि हात उठत नाही.

२१ ऑगस्ट

उरलेलं उन्हाळी धान काढायला मिल चार दिवस चालू. सकाळी दारातच ऐकलं — धान वर चढवणाऱ्या दुसऱ्या एलेव्हेटरचं बेअरिंग रडत होतं. भुपेंद्रला सांगितलं. उघडलं तर खरंच गेलेलं. भुपेंद्र माझा ऑपरेटर, बारा वर्षांपासून. म्हणाला, "भैया, आपके कान के बिना ये मिल दो दिन नहीं चलेगी."

बरं वाटलं. दुपारी मात्र कोंड्याच्या पोत्यांमागून तोच मोनालीशी बोलताना ऐकू आला. ऑफिस आता माझी मुलगीच सांभाळते. "दीदी, भैया को भेज दो ना. हम संभाल लेंगे."

मोनाली म्हणाली, "बाबा नाही जात, भुपेंद्रभाऊ. जायचं असतं तर गेले नसते का?"

एवढ्या खडखडाटात शब्द न् शब्द ऐकू आला. कान तेज असणं काही चांगलं नाही.

१२ सप्टेंबर

गोव्याहून तांडेलाचा फोन. बोट तोच सांभाळतो. "साहेब, ऑक्टोबरात पाण्यात उतरवू ना? यंदा तरी नक्की सांगा. दर वर्षी रंग लावतो, चार-पाच दिवस पाण्यात ठेवतो न् पुन्हा झाकतो." कळवतो म्हणालो.

समुद्र ऑक्टोबरात उघडतो, मेअखेर बंद. धान ऑक्टोबरात येतं, मेपर्यंत मिल चालते. म्हणजे मी मोकळा तेव्हा समुद्र बंद! आणि मी सहा वर्षं सांगत आलो — सीझन संपला की जाऊ. हे मला आज कळलं असंही नाही. पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी तेच सांगत राहिलो.

१३ सप्टेंबर

कळवलं नाही.

२ ऑक्टोबर

नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो, तिघंही. एवढ्या गर्दीत अल्का शांत. परत येताना गाडीत शाळेतल्या पोरांना शिकवावं तशी मोनालीला तांडेलानं शिकवलेली दोराची गाठ बांधून दाखवत होती, ओढणीच्या टोकानं. एका झटक्यात सुटली. "जेवढी ओढली तेवढी घट्ट, अन् सोडायची तवा एका बोटानं." मी आरशात पाहत होतो. मला ती गाठ अजून नीट येत नाही.

७ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. विहारात जेवणं झाली, भन्तेजी पात्र न् झोळी घेऊन चिचगडकडे निघाले. कोणी 'राहा अजून दोन दिवस' म्हटलं नाही.

घरी आल्यावर अल्कानं बॅग पलंगावर ठेवली. "तिकीट काढलं. परवाचं."

"किती?"

"एक."

मी उभाच. "यंदा सरकारी धान भरडाईले येऊन राहिलं, अल्का. सोडून कसा जाऊ? अन् तू एकटी—"

"एकटी कायची? तांडेल हाये, त्याची बायको हाये. तिघं."

"थट्टा करून राहिली का?"

"दोन वर्षं झाले, घरी बसून पोळ्या करून राहिली. ते थट्टा होती." मग आवाज उतरला. "तुमचं काढलं असतं तर तुमी धानाचं नाव घेतलं असतं. घ्या. लोकायले मिलचंच सांगा. मी कोनालेच काई सांगनार नाही."

हे शेवटचं तिनं हळू म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर बरं होतं.

९ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं गेली. प्लॅटफॉर्मवर मी पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही हातातच राहिल्या. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "बी.पी.ची गोळी फ्रिजवर हाये." एवढंच.

२० ऑक्टोबर

टपरीवर उदाराम — "वैनी दिसून नाही राहिली?"

"माहेरी गेली."

खोटं बोलताना आवाज फिरतो. माझाच मला ऐकू आला.

३० ऑक्टोबर

धान आलंच नाही. सरकारी खरेदी सुरू व्हायचे आदेश नाहीत. कधी येतील कोणी सांगत नाही. सीझन लागून अकरा दिवस, मिल बंदच! मी रोज आठला जातो. पत्र्यावर कबुतरं. ऐकायला काही नाही.

मोनाली म्हणाली, "बाबा, आता तर जा. इथं काय करून राहिले?"

"पट्टे तपासून राहिलो."

पट्टे तिनं परवाच तपासून घेतले होते.

६ नोव्हेंबर

वरण लावलं. करपलं.

९ नोव्हेंबर

मालकाला भ्यालो नाही. बँकेला नाही. पुराचं पाणी मिलमध्ये कमरेएवढं आलं तेव्हा मोटरी सोडवायला मीच उतरलो होतो. गोंदियात विचारा कोणालाही. मग आज दुपारी ऑफिसात एकटा असताना कॉम्प्युटरवर गोव्याच्या तिकिटाचं पान उघडलं, नाव टाकलं, वय टाकलं — अठ्ठावन्न — आणि घाम फुटला. मानेखाली पार ओला. पान बंद केलं. अर्धा तास तसाच खुर्चीत.

कोण्या तोंडानं जाऊ? गेलो तर तिला सगळं माहीत. नाही गेलो तर मला.

१७ नोव्हेंबर

तांडेलाचा फोन. बोट कारवारला पोचली. वाटेत एक मुक्काम, वारा चांगला, दुपारनंतर लाटा मोठ्या होत्या. "बाईंनीच आणली, साहेब. मी आपला चहा करायला."

इथं तरी खरं लिहितो. सहा वर्षांत मी ती बोट नदीच्या बाहेर एकदाही नेलेली नाही.