दादांना विचारायचं राहिलेलं

तीर्थरूप दादा,

दुरूनच पायांवर डोकं ठेवतो. आता झोप लागते, वहिनींना सांगा. त्यांची कंबर कशी आहे?

कारखान्याच्या डॉक्टरांनी मला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. औषध नाही, नुसतं बोलायचं. देवापुढे बोलतो तसंच, पण इथे समोरून प्रश्न येतात.

काल त्यांनी रिकामी खुर्ची मांडली. "इथे तुमचे दादा बसलेत. बोला."

मी चटकन उभाच राहिलो.

"बसा हो, ते रागावणार नाहीत."

"तुम्ही ओळखत नाही त्यांना."

दोघंही हसलो. मग अकरा वर्षं गिळलेला प्रश्न तोंडातून निघाला आणि छाती हलकी झाली. नवलच वाटलं.

तोच तुम्हाला विचारतो, रागाने नाही. आईच्या शेवटच्या आजारात मला का कळवलं नाहीत? आईच नको म्हणाली असेल, तर तसंही लिहा.

तुमचाच,
धाकटा