निळी रेघ

सोमवार, ४
आणि दादाचं तरी तेच तुणतुणं, की मी कुठे महिनाभर टिकत नाही. गवंडीकाम सुटलं ते पाठीमुळे, हे किती वेळा सांगू? आता बघ म्हणावं! नववी नापास माणसाच्या हातात स्पेक्ट्रम ॲनालायझर दिलाय. विटेएवढं यंत्र, पडद्यावर हवेतल्या लहरींच्या रेघा दिसतात. ही इमारत जमिनीखाली, सहा खोल्या, भिंतींना पत्रा. इथे नाजूक यंत्रं तपासतात. पण आतूनच कुठूनतरी एक लहर उसळते नि सगळी तपासणी बिघडवते. ती आम्ही शोधायची. दार उघडलं की बाहेरच्या लहरी शिरतात, म्हणून उगम सापडेपर्यंत दार बाहेरून बंद. जोडीला वायरमन मामा आहेत. माझे नव्हेत, सगळ्यांचेच. म्हणाले, भाच्या, तुरुंगाला निदान खिडकी असते. हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, ५
मामांनी रेघा लावायला शिकवल्या. पिवळी आत्ताचं दाखवते, पण ती लहर क्षणात येते नि जाते. म्हणून निळी. ती सगळ्यात उंच टोक धरून ठेवते, काही विसरत नाही. मामा म्हणाले, अगदी तुझ्या मामीसारखी. नवी जागा तपासायची तर आधी निळी पुसायची, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी. काम नसलं की मी निळी लपवून ठेवतो. लपवली म्हणजे बंदच. यंत्र उशाशी घेऊन झोपतो.

गुरुवार, ७
यंत्र मधोमध ठेवून आम्ही लांब थांबतो, अशा पाच खोल्या झाल्या. काही नाही. साहेबांचा तारेचा फोन दिवसातून तीनदा येतो. दार उघडा म्हटलं, तर म्हणतात, सापडलं का? दुसरं काही बोलतच नाहीत. पत्र्याला कान लावला तर माझाच श्वास ऐकू येतो.

शुक्रवार, ८
सापडली! मामा सहाव्या खोलीत पाय पसरून बसले होते. यंत्र त्यांच्याकडे धरलं, लपवलेली निळी पडद्यावर आणली, तर रेघेचा उंच सुळका! मामा हसले. म्हणाले, अरे बाबा, आधी पूस, मग बघ. मी पुसली नाही. मला दार उघडून हवं होतं. साहेबांना सांगितलं, उगम माणूसच आहे. त्यांना नवल वाटलं नाही. साहेबांचे दोघे आले, मामांना काखेत धरून नेलं. मामा मागे वळून बघत होते. दार पुन्हा लागलं. खात्रीसाठी आणखी दोन दिवस म्हणे.

शनिवार, ९
आत मी एकटा. आज नीट पुसली.
सुळका.
पुन्हा पुसली. यंत्र कोपऱ्यात ठेवून लांब गेलो, तासभर — सपाट. छातीशी धरलं —
लपवलेली रेघ बंद नव्हती. उशाशी, रोज, ती धरत होती — मला. मामांचं त्यात काहीच —

रविवार, १०
साहेबांना म्हटलं, मामांना आणा. ते म्हणाले, तो उगम बंद केला. आता शांत आहे ना?
हो म्हणालो. हो —
तोंड बंद केलं तरी निळी उंच. श्वास रोखला तरी —

सकाळ असेल
फोन उचलला. खरं ते सांगून टाकलं. मामा नव्हते, मी आहे. साहेब बरं म्हणाले. फक्त बरं.
पावलं. दोघांची —
दादा, पगाराच्या कागदावर तुझं नाव घातलंय. निम्मे मामींना नेऊन दे, हातात दे. पाठवतोय एकूण एकोणीस हजार चारशे —