बारा शहरांचा मधला आकडा

मंगळवार, १४ जानेवारी

बारा शहरं! यादी आज ठरली. आपल्या शहराएवढी लोकसंख्या, दीडशे मैलांच्या आत. प्रत्येकाला फोन करून विचारायचं – अमुक कामाला तुम्ही काय देता? आलेले आकडे चढत्या ओळीने लावायचे, मधला घ्यायचा, तो आपल्याकडचा त्या कामाचा पगार. बाहेरची कंपनी हेच करायचे नव्वद हजार मागत होती. कौन्सिल म्हणाली, घरातच करा. म्हणजे माझ्या वरिष्ठ मिसेस लॉक्रिज आणि मी. म्हणजे मी.

मिसेस लॉक्रिज दारातूनच म्हणाल्या, "वेंडल, पदाचं नाव जुळवू नकोस. काम जुळव. शंभरातलं सत्तर जुळलं तरच जुळलं."

प्रोबेशन एप्रिलअखेरपर्यंत. चूक परवडणार नाही. कर्मचारी विभागात बाकी सगळे पदवीवाले. मी कॉलेजात एकच सत्र काढलेलं.

गुरुवार, १६ जानेवारी

कार्व्हर शहरातल्या बाई फोनवर हसल्या. "बाळा, या आठवड्यात विचारणारा तू तिसरा. आम्ही तुमच्याकडे बघून पगार ठरवतो, तुम्ही आमच्याकडे बघून. मग पहिल्यांदा बघितलं कोणी?"

"कळवतो," म्हणालो. काय कळवणार!

बुधवार, २२ जानेवारी

कर्मचाऱ्यांचे फॉर्म आले, चारशेच्या वर. 'तुम्ही रोज काय करता ते लिहा.' उद्यान खात्यातल्या एकाने गवत कापण्यावर नऊ पानं लिहिली आहेत.

सांडपाण्याच्या प्लँटवरचा एमिल हुडाक – मजूर, श्रेणी दोन, नोकरी एकतीस वर्षं. त्याने लिहिलंय, "जे पडेल ते करतो." बस्स. सहीसुद्धा नाही. हे असंच धरलं तर बाजारभाव आणि त्याचा पगार सारखाच. तासाला २१.८५ डॉलर. वाढ शून्य.

सही घ्यायला जावं लागणार.

शुक्रवार, २४ जानेवारी

गेलो. एमिल मजुरी करतच नव्हता! पांढरा कोट घालून लॅबमध्ये बाटल्या मोजत होता. पाण्यातला प्राणवायू, जंतू, सगळं तोच तपासतो. राज्याकडे जाणारा महिन्याचा अहवाल तोच लिहितो, प्लँटचे साहेब ब्रेडी खाली फक्त सही करतात. लॅबवाली दहा वर्षांपूर्वी सोडून गेली. तिची जागा भरलीच नाही.

ब्रेडी म्हणाले, "हा आजारी पडला की मला झोप येत नाही."

मी विचारलं, "एमिल, फॉर्मवर हे का नाही लिहिलंत?"

"माझा बाप म्हणायचा, स्वतःचं काम बोलून दाखवतो तो विकायला बसलेला असतो."

"इथे सगळेच विकायला बसलेत. गवतवाल्याची नऊ पानं आहेत."

"नऊ? गवतावर?" बराच वेळ हसला. मग स्टूल ओढून दिलं. दोन तास तो बोलला, मी लिहिलं. सहा पानं झाली. त्याने ती चष्मा लावून वाचली.

"हे सगळं मी करतो? मग संध्याकाळी कंबर दुखते ती उगाच नाही."

तीन वर्षांनी तो निवृत्त होणार. आमच्याकडे पेन्शन शेवटच्या तीन वर्षांच्या पगारावर धरतात. म्हणजे हीच तीन वर्षं! हे त्याने नाही, ब्रेडींनी सांगितलं. गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जुळलं. एमिलचं काम बारापैकी नऊ शहरांतल्या प्रयोगशाळा तपासनीसाशी जुळतं. मधला आकडा ३१.४०.

सगळा तक्ता एका पानावर बसवला. पद, शहर, पगार, शेवटी शैक्षणिक अट. स्पेलिंगं तीनदा तपासली. मिसेस लॉक्रिज म्हणाल्या, "सुबक आहे." त्या असं सहसा म्हणत नाहीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एमिलच्या बायकोने अक्रोडाचा रोल पाठवला. मिसेस लॉक्रिजनी भेटवस्तूंचा नियम पूर्ण वाचून दाखवला, मग सुरी मागितली.

सोमवार, ३ मार्च

कौन्सिलने तक्ता मंजूर केला. सहा विरुद्ध एक.

शुक्रवार, ७ मार्च

ईस्टरआधीचे उपास, शुक्रवारी मटण नाही, म्हणून चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण. एमिलने मला पैसे देऊ दिले नाहीत. दिसेल त्याला सांगत होता, "हा पोरगा. याने मला लिहून काढलं." मान खाली घालून कोबी खाल्ला. पण बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

पगार दोन श्रेणींपेक्षा जास्त वर गेला की ते नवीन पद धरतात. नवीन पद म्हणजे खुली जाहिरात. शहराची नोकरभरती बघणाऱ्या सेवा मंडळाचा जुना नियम आहे. मला वाटलं, असू दे, एमिल अर्ज करील, त्याच्यासारखा दुसरा कोण मिळणार?

जाहिरात दुपारी लागली. अट : रसायन किंवा जीवशास्त्रातली पदवी. अट माझ्या तक्त्यातून घेतली आहे.

एमिल बारावी आहे.

गुरुवार, १३ मार्च

एमिलचा फोन. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पोरा, पदवीवाला आला की मी परत झाडू घ्यायचा ना?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"आणि त्याला शिकवायचं कोणी? ब्रेडी म्हणतो, मीच." मग म्हणाला, "तुझा राग नाही रे. चार शब्द लिहिले होते तेच बरे होते."

जेवलो नाही.

शुक्रवार, १४ मार्च

शहरांनी पाठवलेले मूळ कागद काढले. कार्व्हर : पदवी, किंवा त्याच कामाचा आठ वर्षांचा अनुभव. वेस्ट आयर्टन : पदवी किंवा अनुभव. पुढचंही तसंच. नवांपैकी सात!

शेवटचा रकाना अरुंद होता. अख्खं वाक्य घेतलं तर तक्ता दुसऱ्या पानावर जात होता. म्हणून मी नुसतं 'पदवी' लिहिलं. सातही ठिकाणी. मला आठवतंय, लिहिताना समाधान वाटलं होतं – काय छान बसलं!

स्पेलिंग एकही चुकलेलं नाही.

सोमवार, १७ मार्च

सांगितलं नाही. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. मिसेस लॉक्रिज फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "तक्त्यात एक चूक निघू दे, कौन्सिलमधला तो विरोधात मत देणारा सगळा तक्ताच परत मागवील." चारशे लोकांची वाढ आहे त्यात.

मंगळवार, १८ मार्च

आजही नाही.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं. कागद टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक पाहिला. चष्मा काढला.

"पगाराचे आकडे?"

"ते बरोबर आहेत. पुन्हा तपासले. फक्त हा रकाना."

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"तू प्रोबेशनवर आहेस, वेंडल. आपलं काम म्हणजे दुसऱ्याचे कागद नीट उतरवणं, एवढंच. मी हे तुझ्या फाइलमध्ये लिहून ठेवल्याशिवाय राहू शकत नाही. मग मला का सांगतोस?"

मी म्हणालो, त्या सात शहरांनी मला खरं सांगितलं होतं.

त्यांनी चष्मा परत लावला. मग सेवा मंडळाला फोन लावला आणि मुदत थांबवायला सांगितली. फोन ठेवून म्हणाल्या, "मीही तपासला होता तो तक्ता. बारातले तीन कागद काढून बघितले, ते नेमके या सातांतले नव्हते." हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवार, २८ मार्च

सेवा मंडळासमोर सातही अटी मोठ्याने वाचल्या. पूर्ण. अध्यक्षांनी विचारलं, "ही चूक कोणाची?"

"माझी."

"तुमचं शिक्षण?"

"एक सत्र, साहेब."

कुणी हसलं नाही. जाहिरातीत 'किंवा आठ वर्षांचा अनुभव' घालायचं ठरलं. पगाराला कुणी हात लावला नाही. मागे एमिल बसला होता. टोपी गुडघ्यावर, कोट चर्चला घालतो तो.

गुरुवार, १७ एप्रिल

त्या पदाची लेखी परीक्षा झाली. अकरा जण बसले. एमिल म्हणतो, चौदावा प्रश्नच चुकीचा होता, आणि तसं त्याने कारणासकट उत्तरपत्रिकेत लिहिलं आहे. देवा!

गुरुवार, १ मे

एमिल पहिला आला. आज त्याची नेमणूक झाली. तासाला ३१.४०.

माझं प्रोबेशन काल संपलं, कायम केलं नाही. मिसेस लॉक्रिजनी न मागता शिफारसपत्र दिलं, दोन पानांचं.

दुपारी प्लँटवर एमिलच्या रिकाम्या झालेल्या जागेची जाहिरात लागली – मजूर, श्रेणी दोन. शिक्षणाची अट नाही. अर्ज भरला.