सुधीरचं औषध

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून तुला काही लिहावं असं धाडसच झालं नाही. आज लिहितेय, कारण काल तुझ्या सुधीरनं फोनवर विचारलं, "ताई, त्या औषधाचं काय झालं?" आणि मला तुझ्यासारखं "होतंय, होतंय" म्हणता आलं नाही.

आठवतंय, तामलवाडीच्या घरी तू ज्वारी पाखडत होतीस? "एवढी शिकलीस, पुण्यात करतीस तरी काय?" मी सांगितलं, सुधीरचं एक जनुक जन्मापासून बिघडलेलं आहे, म्हणून त्याचे स्नायू झिजतायत. चांगलं जनुक नुसतं धाडलं तर वाटेतच तुटतं. म्हणून मी पॉलिमरच्या लांब साखळ्यांना रासायनिक जोड देते आणि त्यात जनुक गुंडाळून पेशीत पोचवते. तू हसलीस. "म्हंजी भाकरी फडक्यात बांधून शेतात धाडायची! त्यात लई अवघड काय हाय?"

अवघड होतं गं! जनुक आत पोचल्याची खूण म्हणून काचेच्या बशीतल्या पेशी हिरव्या चमकल्या, तो फोटो मी तुला पाठवला. तू तो गल्लीभर दाखवलास, "माझ्या सुधीरचं औषध" म्हणून. कशाला दाखवलास? बशीतल्या पेशी म्हणजे सुधीर नव्हे, किती वेळा सांगितलं होतं तुला!

पुढं उंदरांना टोचून पाहिलं, तर स्नायूंपर्यंत जनुक पोचलंच नाही. बहुतेक सगळं यकृतात अडकलं. मात्रा वाढवली तर पेशीच मरायला लागल्या. साखळीवरच्या ज्या विद्युतभारामुळं ती पेशीत शिरते, त्याच भारानं पेशी मरते. मी जोड बदलत राहिले. शेवटी प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "इथंच थांबू या."

आणि तू! छातीत कळ येत होती, तर बोलली का नाहीस? "मी दवाखान्यात पडले तर ह्याला उचलंल कोण?" असं शेजारच्या काकूंना म्हणाली होतीस म्हणे. सुधीरला चाकाच्या खुर्चीत बसवलंस आणि तिथंच कोसळलीस. त्याचा हात तुझ्यापर्यंत पोचेना. नुसता हाका मारत राहिला. सगळे सोयाबीन काढायला गेलेले. मामा रानातून आले तेव्हा लेकाचा आवाज पार बसला होता.

काल त्याला खरं सांगितलं. औषध झालं नाही, आणि त्याच्यासाठी वेळेत होईल असं मला वाटत नाही. तो म्हणाला, "मला ठावं होतं, ताई. म्या मोबाइलवर कवाच वाचलंय. आईला तेवढीच आशा होती, म्हणून बोललो न्हाय."

आता त्याला चार शब्द बोलतानाही धाप लागते. मामांची कंबर धरलीय, वाकता येत नाही. कूस बदलायची असली तरी तो त्यांना हाक मारत नाही, अवघडून पडून राहतो.

आत्या, औषधाचं वचन मी देत नाही. मी रजा टाकलीय, परवा तामलवाडीला येतेय. तू त्याला कसं उचलायचीस, मला येत नाही. त्यालाच विचारीन. तो असेल तोवर त्याला एकटं पडू देणार नाही.

तुझी भाची,
रेखा