अव्वांच्या हिऱ्याच्या कुड्या

१० जाने., शनि.
अव्वांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, इथंच उमरग्यात. आत नेताना नर्सनं अंगावरचं सगळं काढायला लावलं. लग्नापासून कानात असलेल्या हिऱ्याच्या कुड्या सासूबाईंनी रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या. पोटच्या लेकाच्या नाही, माझ्या! "जपून ठेव गं. आन् पाण्यात बुडवू नगंस. वरनं पुसायच्या फकस्त." लई बरं वाटलं.

११, रवि.
कुड्यांवर किती तो मळ! तेल, पावडर, विभूती. मोबाइलवर बघितलं: कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. बुडवू नको म्हणजे जुन्या बाईचा हट्ट, असं वाटलं. मी बी.एस्सी. ना! कोमट कसलं, चांगल्या कढत पाण्यात तासभर ठेवल्या. सोनं लखलखलं. खडे मात्र राखेसारखे. वाळल्यावर चमकतील बहुतेक...

१२, सोम.
नाही चमकले. एकटीच घरच्या नेहमीच्या सोनाराकडं गेले. "वहिनी, ह्या मागनं बंद असत्यात. खड्याखाली चांदीचा पातळ कागद हाय, पाणी जाऊन त्यो काळा पडला. हिऱ्याला काय झालं न्हाई." आठ दिवसांत नीट होतील म्हणाला. पण अव्वांच्या माहेरच्या कुड्या, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय उघडणार नाही, असंही म्हणाला.
उद्या सांगते.

१४, संक्रांत
सांगितलं नाही. सकाळी अव्वांनी कुड्या मागितल्या. दिल्या. खिडकीशी नेऊन उन्हात धरल्या, इकडून तिकडून बघितल्या. "ह्यात उजेडच न्हाई गं. माझा डोळा गेला का काय?"
मी तोंड उघडलं होतं, खरंच. निघालं काय, तर "वेळ लागतो अव्वा, डॉक्टर म्हणालेत." किती पटकन निघालं! लिहितानाही लाज वाटते.

१७, शनि.
तपासणी. अव्वांनी भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली. डॉक्टर खूश. दुसराही पिकलाय, २४ला करून टाकू म्हणाले. रिक्षात बसल्यावर अव्वा हळूच, "मन राखाया बोलत्यात ते. हिरा दिसंना, आन् म्हणं डोळा चांगला. दुसरा न्हाई द्यायची मी." मी बाहेर बघत बसले.

२०, मंगळ.
अव्वांचं एकच, नको म्हणजे नको. हे वैतागून ओरडले त्यांच्यावर. "दुसरा पण जाऊ दे का मग?" माझ्यापायी म्हातारीनं बोलणी खाल्ली. आणि मी कणीक मळत होते. नुसती मळतच होते.
रात्री ह्यांना तरी सांगावं म्हटलं. नाही जमलं. चूक कुड्यांपुरती होती तोवर ठीक होतं, आता डोळ्यावर आलंय...

२२, गुरु.
दुपारी अव्वांनी हाक मारली. कुड्या स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातल्या. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, लई वेळ बघत राहिल्या.
"माझ्या डोळ्याचा भरवसा न्हाई ऱ्हायला. तू आरशात बघून सांग, चमकत्यात का? तू म्हणशील तसं. चमकत असल्या तर डोळाच गेला माझा, मग दुसरा कशाला फाडून घेऊ?"
दूध उतू जाईल म्हणून उठून आले. गॅसवर दूध नाहीच. ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.
परत हाक मारतायत.