चार नंबरचा कॅमेरा आणि आईचं बदक

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, बाकीचं पत्र रागानं लिहिलंय.) तुमची कंबर कशी आहे? मामीचा खोकला थांबला का? हे पत्र नेहमीसारखं गोदामातल्या कारकुनाकडून वाचून घेऊ नका. मी शिकवलेली अक्षरं लावत एकट्यानं वाचा.

शिकून-सवरून मी खेळ बनवते म्हणजे नक्की काय करते, हे घरात कुणालाच समजेना, म्हणून मी तुम्हाला आमच्या गुप्तहेरांच्या खेळातल्या पत्त्यांची चित्रं पाठवली. कॅमेऱ्याला शिंक आणणारी तपकिरीची डबी, त्याला जांभई देऊन झोपवणारी फुंकणी, आणि काचेवर बसून पंख मिटणारं चावीचं पाखरू. घरी दाखवायला पाठवली होती, मामा! तुम्ही ती पहाऱ्याच्या केबिनमध्ये, आठ पडद्यांच्या बरोबर वर, खळ लावून चिकटवलीत. पहारेकऱ्याच्या डोक्यावर कॅमेरे बंद पाडायची यंत्रं! (शिवाय चित्रांखाली माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता.)

त्यात तुमचा चार नंबरचा कॅमेरा रोज दुपारी वीस मिनिटं आंधळा होतो हे मॅनेजरला कळलं, आणि त्याची नजर भिंतीवर गेली. तेव्हा "साहेब, खेळ आहे तो" एवढं म्हणायला काय झालं होतं? तुम्ही काय म्हणालात? "आमच्या भाचीनं केलेली वस्तू कधी फेल जात नाही!"

मग मला बोलावणं आलं. अर्धी रजा टाकून गेले, तर मॅनेजरनं मला स्टुलावर बसवून पाखराची चावी कुठे असते ते विचारलं. हे चालतं का, म्हणाला. मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, फाशावर तीन किंवा जास्त पडले तर चालतं. त्यानं ते लिहून घेतलं! मी पुन्हा दुरुस्ती सांगितली की पावसात चार लागतात. (नियमात तसंच आहे.) तेही लिहून घेतलं. तुम्ही दाराशी उभे राहून अभिमानानं मान डोलावत होतात.

शेवटी त्यानं चार नंबरचं चित्रीकरण दाखवलं. पडदा काळा होण्याआधी क्षणभर निळं कापड दिसतं आणि कोपऱ्यात लाल बदक. मामा, ते बदक आईनं भरलंय. तो टॉवेल तिनं तुम्हाला कंबर शेकायला दिला होता, कॅमेऱ्यावर टाकून झोपायला नव्हे! "हे काय आहे?" असं मॅनेजरनं विचारलं. मी आयुष्यात शाळेची घंटासुद्धा चुकवलेली नाही. माझ्या तोंडून निघालं, "पाखराचा पंख असेल." ते त्यानं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. तुमची नोकरी सध्या एका पंखावर उभी आहे.

तुमची (अजून रागावलेलीच) भाची

ता. क. सोमवारी वरचे साहेब तपासणीला येणार आहेत. त्याआधी टॉवेल घरी न्या आणि दुपारी जागे राहा.

ता. क. दोन: टॉवेल मी खेळात घातलाय. आजवरच्या सगळ्या यंत्रांत तोच एक हमखास चालतो, फासासुद्धा लागत नाही. वीस मिनिटं बरोबर आहेत ना, तेवढं कळवा. नियमात चुकीचा आकडा जायला नको.

ता. क. तीन: हे पत्र वाचून लगेच फाडा. माझं अक्षर सुंदर आहे म्हणून केबिनमध्ये चिकटवू नका.